अजुरान सत्तेची नोंद : पुरावा किती आणि विधान कुठपर्यंत

पार्श्वभूमी

एका मराठी संदर्भग्रंथमालेत आफ्रिकेच्या मध्ययुगीन इतिहासावरील खंड तयार होत असताना दक्षिण सोमालियातील एका जुन्या सत्तेवरच्या ‘अजुरान’ या नोंदीवरून संपादक मंडळात वाद झाला. त्या वादाची ही हकीकत आहे. संस्था आणि व्यक्ती यांची नावे वगळली आहेत; संपादक, नोंदलेखक, परीक्षक आणि सोमाली वाचक एवढ्याच ओळखी ठेवल्या आहेत. पुराव्याचा भाग मात्र मुळात होता तसाच मांडला आहे.

खंडात सोमाली प्रदेशाशी निगडित चार नोंदी होत्या : इफात व अदल या मुस्लिम सल्तनती, मोगादिशू हे बंदर आणि अजुरान. पहिल्या दोन नोंदी फारशा चर्चेशिवाय मंजूर झाल्या. अदलच्या बाबतीत तर साधनांची चणचण नव्हतीच. इमाम अहमद इब्न इब्राहीम याने १५२९ मध्ये शिंब्रा कुरे येथे इथिओपियाच्या सम्राटाचा पराभव केला आणि १५४३ मध्ये वायना दगाच्या लढाईत तो स्वतः मारला गेला. या मोहिमांचे वर्णन त्याच्या बाजूच्या समकालीन अरबी लेखकाने केले आहे, विरुद्ध बाजूने इथिओपियाच्या बखरींनी केले आहे आणि शेवटच्या टप्प्याचे वर्णन तेथे लढलेल्या पोर्तुगिजांनीही केले आहे. एकमेकांचे वैरी असलेले साक्षीदार एकाच घटनेबद्दल बोलत असतील तर संपादकाचे काम सोपे होते.

अजुरानची गोष्ट वेगळी आहे. दक्षिण सोमालियात शबेले आणि जुबा या नद्यांच्या दुआबात व तेथून किनाऱ्यापर्यंत अजुरान नावाच्या समूहाची प्रबळ सत्ता होती, असे तेथील मौखिक परंपरा सांगतात. या सत्तेचे इमाम गरेन घराण्यातले होते, शेतकऱ्यांकडून व पशुपालकांकडून ते कर घेत, विहिरींवर त्यांचा ताबा असे, आणि पुढे त्यांच्या जुलमामुळे लोक उठले व सत्ता कोसळली, असा या परंपरांचा सर्वसाधारण सूर आहे. तिची व्याप्ती उत्तरेला मरेग, पश्चिमेला शबेलेच्या वरच्या खोऱ्यातील कलाफो, दक्षिणेला जुबा आणि पूर्वेला हिंदी महासागर अशी सांगितली जाते. अजुरान नावाचे लोक आजही केनियाच्या वजीर भागात आणि आसपास राहतात व त्यांच्यातील अनेक जण बोराना ही ओरोमो बोली बोलतात. त्यामुळे असा समूह होता का, हा प्रश्न कोणी उपस्थित केला नव्हता. त्याचे राज्य होते का, असल्यास केव्हा आणि कुठवर, एवढ्यावरच वाद होता.

अडचण

नोंदलेखक तरुण आणि कष्टाळू होता. त्याच्या मसुद्यात तेराव्या ते सतराव्या शतकापर्यंत टिकलेल्या एका सागरी साम्राज्याचे चित्र होते. या साम्राज्याने मोगादिशू, मर्का आणि बरावा ही बंदरे राखली, स्वतःची नाणी पाडली, चीनच्या दरबाराशी वकिलाती ठेवल्या, पोर्तुगिजांना परतवले, कालवे आणि विहिरी खोदल्या, असे त्याने लिहिले होते. सोबत एक नकाशा होता आणि त्यात साम्राज्याची सीमा ठळक रेषेने आखलेली होती.

परीक्षकाने या मसुद्यातील बहुतेक वाक्यांच्या समासात एकच प्रश्न लिहिला : “यास समकालीन आधार कोणता?” नोंदलेखकाचे उत्तर असे होते की ही माहिती अनेक ठिकाणी सारख्याच शब्दांत आढळते, म्हणून ती सर्वमान्य असावी. परीक्षकाला नेमकी याचीच शंका होती. सारखेच शब्द दहा ठिकाणी सापडले म्हणजे दहा साक्षीदार मिळाले असे होत नाही. बहुधा एकाचेच दहा जणांनी उतरवून घेतलेले असते. शोध घेतल्यावर बहुतेक धागे इतिहासकार ली कॅसानेली यांच्या १९८२ मधील ग्रंथाशी, आणि त्यामागे इटालियन विद्वान एन्रिको चेरुली यांनी संकलित केलेल्या साधनांशी जाऊन मिळाले. कॅसानेली यांची भाषा स्वतः सावध आहे. मौखिक परंपरांवरून केलेली ती पुनर्रचना आहे आणि सत्तेचा भर ते साधारण सोळाव्या शतकात व त्यानंतरच्या काही दशकांत धरतात. तेराव्या शतकापर्यंत मागे नेलेला आरंभ आणि आखीव सीमा ही पुढच्या हातांनी घातलेली भर होती.

वाद इतका तापण्याचे आणखी एक कारण मंडळाला उशिरा उमगले. मानववंशशास्त्रज्ञ आय. एम. लुईस यांच्या १९६१ मधील अभ्यासापासून सोमाली समाजाची ओळख जगाला मुख्यतः राज्यविहीन पशुपालकांचा समाज अशी झाली. १९९१ मध्ये केंद्रसत्ता कोसळल्यावर तर ‘या लोकांना राज्य चालवण्याची सवयच नव्हती’ असे बोलणे फार सोपे झाले. अशा वेळी अजुरानकडे बोट दाखवणारा सोमाली माणूस केवळ पूर्वजांचा अभिमान मिरवत नसतो, तर आपल्यावरच्या एका आरोपाला उत्तर देत असतो. शिवाय अजुरान कोणत्या वंशशाखेचे आणि त्यांना कोणी हटवले, या प्रश्नांना आजच्या कुळांच्या राजकारणात मोल आहे.

पुराव्याची छाननी

संपादकाने मसुदा बाजूला ठेवून आधी साधनेच वेगळी मांडण्यास सांगितले. कोणते साधन कोणत्या काळचे, ते कोणाबद्दल बोलते आणि त्यात अजुरान हे नाव येते का, असे तीन रकाने आखण्यात आले. या प्रकरणातील सर्वांत फलदायी पाऊल माझ्या मते हेच होते.

किनाऱ्याबद्दलची साधने भरपूर निघाली. तेराव्या शतकातील अरबी भूगोलकार याकूत मोगादिशूचा उल्लेख करतो आणि तेथे राजा नसून वडीलधारे कारभार पाहतात असे सांगतो. त्याच शतकातील दुसरा अरबी भूगोलकार इब्न सईद मर्काला हाविये या सोमाली कुळसमूहाच्या मुलखाचे मुख्य नगर म्हणतो. अजुरान वंशावळीने हावियेंशी जोडले जातात, म्हणून हा उल्लेख मोलाचा आहे. मोगादिशूतील जुन्या जामा मशिदीच्या मनोऱ्यावर १२३८ चा, तर फख्र अद-दीन मशिदीत १२६९ चा लेख आहे. १३३१ मध्ये प्रवासी इब्न बतूता तेथे उतरला तेव्हा नगराचा प्रमुख ‘शेख’ म्हणवत होता, स्थानिक भाषा बोलत होता आणि त्याला अरबीही येत होती. येथे रोज शेकडो उंट कापले जातात आणि येथले कापड मिसरपर्यंत (इजिप्तपर्यंत) जाते, असेही तो लिहितो. मोगादिशूच्या सुलतानांची तांब्याची नाणी सापडली आहेत. पंधराव्या शतकाच्या आरंभी आरमारप्रमुख झेंग ह याचे चिनी तांडे मोगादिशू आणि बरावाला पोहोचले. वास्को द गामाने १४९९ मध्ये परतीच्या वाटेवर मोगादिशूवर तोफा डागल्या आणि १५०७ मध्ये त्रिस्ताँव द कुन्याच्या आरमाराने बरावा लुटून जाळले. पोर्तुगीज लेखक दुआर्ते बार्बोसा सोळाव्या शतकाच्या आरंभी मोगादिशूच्या राजाबद्दल आणि तेथे खंबायतहून कापड व मसाले घेऊन येणाऱ्या जहाजांबद्दल लिहितो. चौल आणि दाभोळचे वर्णन करणारा बार्बोसा तो हाच.

या यादीत सोमाली किनाऱ्याचे वैभव निःसंशय दिसते. पण ज्यांच्यावर मसुदा उभा होता त्या या साधनांत नगरे आहेत, शेख आहेत, राजे आहेत, नाणी आहेत. अजुरान हे नाव मात्र नाही. पोर्तुगीज वृत्तांतात बरावा येथे प्रतिकार करणारे बरावाचेच लोक आहेत. चिनी नोंदींत मोगादिशू आहे. मसुद्याने हे सारे मोगादिशू, मर्का आणि बरावा यांच्या खात्यातून काढून अजुरानच्या खात्यात जमा केले होते. त्यासाठी ही बंदरे अजुरानच्या अमलाखाली होती असे गृहीत धरावे लागते, आणि हे गृहीतक पुन्हा नंतरच्या परंपरेवरच टेकलेले आहे. म्हणजे ज्या विधानाला पुरावा हवा होता, तेच विधान पुरावा म्हणून वापरले गेले होते.

साधनांच्या दुसऱ्या गटात मौखिक परंपरा आल्या. त्या प्रामुख्याने विसाव्या शतकात लिहून घेतल्या गेल्या : आधी इटालियन अधिकाऱ्यांनी आणि चेरुली यांनी, नंतर १९७० च्या दशकात कॅसानेली यांनी. काही प्रसंग त्यांत पुन्हा पुन्हा येतात. पशुपालक दरांडोले आणि अजुरान यांच्यात विहिरीवरील पाण्याच्या पाळीवरून तंटा होतो. अजुरान राज्यकर्ता नववधूवर पहिल्या रात्रीचा हक्क सांगतो आणि लोक पेटून उठतात. पडीक तटबंद्या आणि चुनखडकात खोल खणलेल्या विहिरी अजुरानांच्या म्हणून दाखवल्या जातात; उत्तर केनियात अशाच विहिरी मदनले नावाच्या प्राचीन धिप्पाड लोकांनी खणल्याचेही सांगतात आणि काही जण हे दोन्ही एकच मानतात. अजुरानानंतर मोगादिशूच्या आसपास हिराब इमाम आणि पुढे अफगोयेचे गेलेदी सुलतान प्रबळ झाले, हा क्रम अनेक समूहांच्या कथनांत सारखा येतो.

या कथांचे वजन किती धरायचे यावर मंडळात दोन तट पडले. एका सदस्याने बखरींचा दाखला दिला : राजवाडे यांनी १८९८ मध्ये साधनांच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत समकालीन पत्रांपुढे बखरींचे किती ऐकायचे हे दाखवून दिले आहे, तोच न्याय येथेही लावावा. परीक्षकाला हा दाखला अपुरा वाटला, आणि परीक्षकाचे म्हणणे योग्यच होते. सभासदाने १६९७ मध्ये लिहिले तेव्हा शिवछत्रपतींना पाहिलेली माणसे हयात होती, आणि बखर तपासण्यासाठी राजवाड्यांच्या हाती पत्रांचे ढीग होते. अजुरानची परंपरा घटनेनंतर दोन-अडीचशे वर्षांनी कागदावर आली आणि तिच्याशी ताडून पाहण्यासाठी अंतर्भागातला एकही समकालीन कागद नाही. बखरीचा न्याय येथे जसाच्या तसा लावला तर सगळेच फेकून द्यावे लागते. आणि ज्या समाजात इतिहास मुख्यतः स्मरणात व कवितेत राखला गेला, सोमाली भाषेची अधिकृत लिपीच १९७२ मध्ये ठरली, तेथे कागद नाही म्हणून राज्य नव्हते असे म्हणणे हीही एक तर्कदुष्टता आहे.

तिसरा आधार भूगोलाचा होता आणि तो फार कमी लिहिणाऱ्यांच्या लक्षात येतो. शबेले नदी मोगादिशूजवळ आल्यावर समुद्राला न मिळता वळते आणि किनाऱ्याला समांतर दक्षिणेकडे जाते. अफगोये मोगादिशूपासून सुमारे तीस किलोमीटरवर आहे. मोठ्या बंदराला धान्य, जनावरे आणि निर्यातीचा माल याच पट्ट्यातून मिळणार. रोज शेकडो उंट कापणाऱ्या नगरामागे विहिरी, चराऊ वाटा आणि नदीकाठची शेती यांची काही व्यवस्था असलीच पाहिजे. ती व्यवस्था अजुरानांचीच होती हे यावरून सिद्ध होत नाही, पण अंतर्भागातील संघटित सत्तेची कल्पना हवेतली नाही एवढे दिसते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय मसुदा थोड्या सुधारणांसह स्वीकारण्याचा होता. नोंदलेखकाखेरीज विक्री विभागालाही तो पसंत होता, कारण वाचक अशी नोंद शोधत येतात. दुसरा पर्याय नोंदच वगळण्याचा. एका ज्येष्ठ सदस्याने तो हट्टाने मांडला : समकालीन नाव नसलेल्या राज्याला संदर्भग्रंथात स्वतंत्र स्थान देणे म्हणजे आपणच ते राज्य स्थापन करणे होय. तिसरा पर्याय मजकूर मोगादिशूच्या नोंदीत एक परिच्छेद म्हणून घालण्याचा होता. तो वरवर समंजस दिसला, पण त्यात मूळची गफलत उलट बाजूने कायम राहत होती. आधी बंदरे अजुरानच्या पोटात गेली होती, आता अजुरान बंदराच्या पोटात जात होते. चौथा पर्याय स्वतंत्र नोंद ठेवून प्रत्येक विधान कोणत्या प्रकारच्या साधनावर उभे आहे हे मजकुरातच सांगण्याचा होता. त्यात नोंद लांबते आणि वाचायला जड होते, ही तक्रार रास्त होती.

संपादकाने पुण्यात संशोधन करणाऱ्या एका सोमाली विद्यार्थ्याला मसुदा आणि रकाने इंग्रजीत समजावून त्याचे मत विचारले. त्याने अनपेक्षित ठिकाणी बोट ठेवले. ‘साम्राज्य’ शब्द काढल्याचे त्याला फारसे दुःख नव्हते. त्याचा आक्षेप असा होता की मंडळ जुलमाच्या कथा ‘परंपरेनुसार’ म्हणून सहज छापत आहे, पण विहिरी, कर आणि धर्माधिकार यांच्या कथा मात्र संशयाने पाहत आहे. दोन्ही एकाच तोंडून आलेल्या असताना हा भेद का? शिवाय पडझडीच्या कथा मुख्यतः अजुरानांना हटवणाऱ्यांच्या वंशजांनी सांगितलेल्या आहेत, हेही त्याने लक्षात आणून दिले.

निर्णय आणि कार्यवाही

मंडळाने चौथा पर्याय निवडला. नोंदीचे शीर्षक नुसते ‘अजुरान’ असे ठेवले. काळाबद्दल ‘प्रामुख्याने सोळावे आणि सतरावे शतक, मौखिक परंपरांवर आधारित पुनर्रचनेनुसार’ असे लिहिले आणि तेराव्या शतकाचा आरंभ काढून टाकला. नाणी, चिनी वकिलाती आणि पोर्तुगिजांशी झालेल्या चकमकी मोगादिशू व बरावाच्या मजकुरात हलवल्या; अजुरानच्या नोंदीत त्यांच्याकडे निर्देश करून या बंदरांशी अजुरानांचा संबंध परंपरा सांगते, समकालीन वृत्तांत सांगत नाहीत, असे एक वाक्य घातले.

पहिल्या रात्रीच्या हक्काची कथा ठेवायची की नाही, यावर बैठक लांबली. अशी कथा जगभरच्या अनेक जुलमी राजांना चिकटलेली आहे, म्हणून ती प्रत्यक्ष घटनेची साक्ष मानता येत नाही. परंतु नंतरच्या पिढ्यांनी या सत्तेचा शेवट कसा समजून घेतला, याची मात्र ती साक्ष आहे. अखेर ती त्याच स्वरूपात, सांगणारे कोण होते हे नमूद करून ठेवली. पाण्याच्या पाळीवरील तंट्याला मात्र अधिक वजन दिले, कारण तो कोरड्या प्रदेशातील सत्तेच्या खऱ्या मर्मावर बोट ठेवतो आणि अशा कथेला साचा म्हणून बाजूला सारणे कठीण आहे. हा निर्णय सर्वांना पटला असे नाही. परीक्षकाने आपली असहमती लेखी नोंदवली, आणि तिच्यात दम आहे. विहिरीवरचा तंटा हाही पशुपालक समाजांच्या कथांचा नेहमीचा विषय आहे, मग एका साच्याला मान आणि दुसऱ्याला संशय का, असा त्यांचा प्रश्न होता.

खरी कसोटी नकाशाची लागली. मजकुरात ‘सांगितले जाते’ असे लिहिता येते, नकाशातील रेषेला तसे काही म्हणता येत नाही. तुटक रेषा आखावी असे एकाने सुचवले, पण तुटक रेषा पाहणाराही तिला सीमाच समजतो. शिवाय विहिरींवर आणि करावर चालणाऱ्या सत्तेची हद्द ऋतूनुसार कळपांबरोबर सरकत असणार. शेवटी नकाशात दोन नद्या, किनाऱ्यावरची नगरे आणि कलाफो व मरेग ही परंपरेतील टोके एवढेच दाखवले; रंग भरला नाही, रेषा ओढली नाही.

परिणाम

खंड प्रसिद्ध झाल्यावर या नोंदीबद्दल आलेल्या पत्रांत दोन प्रकारचे आक्षेप होते. काहींना ती अति संशयी वाटली. एका मोठ्या आफ्रिकी साम्राज्याला मराठी संपादकांनी कमी लेखले असा त्यांचा रोख होता. काहींना नोंद असणेच खटकले. सोमाली विद्यार्थ्याने नकाशाचे कौतुक केले, पण नोंदीची भाषा त्याला अजूनही एकतर्फी सावध वाटली. अदलच्या नोंदीत इमाम अहमदच्या सैन्याबद्दल समकालीन लेखकाने फुगवून सांगितलेले कौतुक बिनदिक्कत आले आहे, कारण तेथे कागद होता, हे त्याने दाखवले. संपादकाने तो मुद्दा मान्य केला आणि पुढच्या आवृत्तीसाठी अदलची नोंद पुन्हा तपासायला घेतली.

नोंदलेखकाच्या बाबतीत परिणाम चांगला झाला. मोगादिशूची नोंद त्याने त्याच तीन रकान्यांच्या पद्धतीने नव्याने लिहिली आणि ती खंडातील सर्वांत भक्कम नोंदींपैकी एक ठरली. अजुरानच्या खात्यातून परत आलेला सगळा ऐवज तेथे आपल्या जागी बसला.

वेगळे काय करता आले असते

सोमाली वाचकाला मसुदा जवळजवळ पक्का झाल्यावर दाखवला गेला. साधनांची छाननी सुरू होतानाच तो बरोबर असता, तर परंपरा कोणाच्या आहेत हा प्रश्न आरंभीच निघाला असता आणि जुलमाच्या कथांना मिळालेले अवास्तव स्थान कमी झाले असते. एकाच वाचकावर विसंबणेही बरे नव्हते. कुळांच्या परंपरा परस्परविरोधी असताना निदान दोन वेगळ्या पार्श्वभूमीचे वाचक हवे होते.

चार नोंदी चार लेखकांना वाटून देण्याऐवजी बेनादिर किनारा (मोगादिशू, मर्का व बरावा यांचा किनारा) आणि त्यामागचे शबेले खोरे असा एकच मोठा लेख करता आला असता. त्यात नगरे, शेतकरी, पशुपालक आणि इमाम एकमेकांशी कसे बांधलेले होते हे दाखवता आले असते आणि कोणते वैभव कोणाच्या खात्यात, ही ओढाताण टळली असती. अकारविल्हे रचलेल्या ग्रंथात असा लेख बसवणे अवघड होते, हे खरे.

पुरातत्त्वाचा प्रश्न मंडळाच्या हाताबाहेरचा आहे. अजुरानांच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या विहिरी आणि तटबंद्यांचा काळ उत्खननातून ठरवणे हाच या वादात पुढे सरकण्याचा मार्ग आहे, आणि १९९१ नंतरच्या युद्धाने दक्षिण सोमालियातील असे काम दीर्घकाळ थांबवले. अंतर्भागातील एखाद्या तटबंदीच्या थरात सोळाव्या शतकातील किनाऱ्यावरची नाणी किंवा चिनी मातीची भांडी पुरेशा संख्येने सापडली, तर बंदर आणि अंतर्भाग यांच्या संबंधाबद्दल परंपरेबाहेरचा पहिला साक्षीदार मिळेल. तसे झाले तर मोगादिशूच्या नोंदीत हलवलेल्या विधानांपैकी काही अजुरानच्या नोंदीत परत आणावी लागतील. ती कोणती, याची यादी संपादकाने नोंदीच्या फायलीत जोडून ठेवली आहे.